बिऱ्हाड बदललं, भिडू तेच

नमस्कार मंडळी. हॉकीवर बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे मेजर ध्यानचंद आले असतील, आपल्या खडकीचा धनराज पिल्ले आला असेल. ती हॉकी माझीही आवडती. आज मात्र मला तुम्हाला बर्फावरच्या हॉकीकडे न्यायचंय. मी काही वर्षं कॅनडात, एडमंटन शहरात नोकरीनिमित्त राहिलो. अल्बर्टा प्रांताची ही राजधानी. हिवाळ्यात पारा उणे 30 पर्यंत उतरतो, नदी गोठते आणि शाळा सुटली की पोरं पायांत स्केट्स बांधून बर्फावर जातात. तिथं हॉकी म्हणजे हीच. आपल्याकडच्या हॉकीचा उल्लेख करायचा तर ‘मैदानी हॉकी’ असं फोड करून सांगावं लागतं.

खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साधारण 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद बर्फ, चारी बाजूंनी कठडा. एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. चेंडूऐवजी ‘पक’ असतो, म्हणजे एक इंच जाडीची, तीन इंच व्यासाची टणक रबरी चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. वेग इतका, की खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून खेळतो आणि बाकावर येऊन बसतो. त्याच्या जागी दुसरा कठड्यावरून उडी टाकून आत. खेळ थांबत नाही. अशा खेळात मान वर करून ‘माझा भिडू कुठं आहे’ हे पाहायला वेळच नसतो. ते आधीपासून ठाऊक असावं लागतं.

मी शाळेत खो-खो खेळायचो. पाटीवर बसलेल्या खेळाडूला मागून येणारा दिसत नाही. पावलं ऐकू येतात, श्वास ऐकू येतो आणि पाठीवर थाप पडायच्या अर्धा क्षण आधी अंग उठायला लागतं. दोन वर्षं ज्याच्याबरोबर सराव केला, त्याच्या पावलांवरून मला कळायचं की हा आता खो देणार की पुढे जाणार. नव्या मुलाबरोबर ते व्हायचं नाही. तो माझ्यापेक्षा चपळ असला तरी नाही. ही जी ओळख असते ती कुणाच्या मालकीची? शाळेची? प्रशिक्षकाची? की त्या दोघांची? एडमंटनमध्ये राहून तिथल्या हॉकीची गोष्ट ऐकली, तेव्हा हा प्रश्न माझ्या मनात पुन्हा उभा राहिला. कारण तिथं एक संपूर्ण ओळख विकली गेली होती. निदान विकत घेणाऱ्याला तसं वाटलं होतं.

दोन संघ लक्षात ठेवा. एक एडमंटन ऑइलर्स, निळा-केशरी शर्ट. दुसरा लॉस एंजलिस किंग्ज. एक गोठलेल्या प्रेअरीवरचा, दुसरा समुद्रकाठच्या उन्हातला. आणि आठ-नऊ माणसं, ज्यांनी हे दोन्ही शर्ट घातले. त्यातला सगळ्यात मोठा वेन ग्रेट्स्की. त्याच्याबद्दल इतकं लिहिलं-बोललं गेलंय, की बाकीचे त्याच्या सावलीत गेले. मला आज त्या सावलीतल्या माणसांबद्दल बोलायचंय. ग्रेट्स्की अधूनमधून येईलच, त्याला टाळून पुढे जाता येत नाही.

ग्रेट्स्कीचा जन्म 1961 सालचा, ऑन्टारियोमधल्या ब्रँटफर्डचा. वडिलांनी घरामागच्या अंगणात पाणी सोडून बर्फाचं मैदान करून दिलं होतं. 1978 मध्ये, सतराव्या वर्षी, तो एडमंटनला आला. पुढच्या वर्षी, 26 जानेवारी 1979 ला, त्याच्या अठराव्या वाढदिवशी, मैदानाच्या मधोमध टेबल मांडून त्यानं 21 वर्षांच्या करारावर सही केली. करार 1999 पर्यंतचा होता. म्हणजे हा मुलगा आता आपलाच, असं गावानं धरून चालावं यात काही वावगं नव्हतं. त्याच वर्षी ऑइलर्स नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत, दाखल झाले.

1980 साली यारी कुर्री आला. हेलसिंकीचा पोरगा, इंग्रजी जेमतेम. लीगमधले संघ दरवर्षी पाळीपाळीनं नवी मुलं निवडतात, त्या निवडीत त्याचा नंबर 69 वा लागला होता, म्हणजे 68 मुलं त्याच्या आधी निवडली गेली. ग्रेट्स्कीच्या उजव्या हाताला त्याला खेळवायला लागले आणि दोघांची अशी गट्टी जमली, की शब्दांची गरजच उरली नाही. ग्रेट्स्कीला प्रतिस्पर्ध्याच्या गोलजाळ्यामागे जाऊन उभं राहायची सवय. त्या जागेला लोक त्याचं ‘ऑफिस’ म्हणायचे. तिथं तो पक घेऊन थांबला की बचाव करणाऱ्यांनी बघायचं कुणाकडे? त्याच्याकडे पाहावं तर समोरून कोण येतंय ते दिसत नाही. समोर पाहावं तर हा मागून निघतो. कुर्री नेमका त्याच घटकेला मोकळ्या जागेत सरकायचा. पक आला की थांबवणं नाही, सावरणं नाही, आला तसा मारायचा. 1984-85 च्या मोसमात कुर्रीनं 71 गोल केले. आणि याच कुर्रीचा बचावही पक्का होता, ही गोष्ट आकड्यांत दिसत नाही.

त्यांच्या मागे पॉल कॉफी. नावाला बचावपटू, पण स्केटिंग असं की एकदा सुटला की पाठलाग करणारे उभे असल्यासारखे वाटायचे. 1985-86 मध्ये त्यानं 48 गोल केले. बचावपटूंमध्ये इतके कुणीच केले नव्हते. कॉफी पुढे गेला की मागं राहून जागा सांभाळायचा चार्ली हडी. गोलात ग्रँट फ्यूर. 1984, 1985, 1987 आणि 1988 असे चार स्टॅन्ली कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचे करंडक, या मंडळींनी एडमंटनला आणले. माइक क्रुशेलनिस्की 1984 मध्ये बोस्टनहून आला आणि ग्रेट्स्कीच्या डाव्या बाजूला खेळून पहिल्याच मोसमात 43 गोल करून बसला. मार्टी मॅकसॉर्ली 1985 मध्ये आला. त्याचं काम वेगळं होतं. बर्फावरच्या हॉकीत मारामारी होते, आणि ग्रेट्स्कीला कुणी आडवं जाऊन धडकू नये म्हणून एक दांडगा भिडू आसपास लागतो. आधी ते काम दुसऱ्याकडे होतं, मग मॅकसॉर्लीकडे आलं.

आता एक जुनी रात्र सांगतो. 10 एप्रिल 1982. प्लेऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमधली, पहिली फेरी, लॉस एंजलिसच्या ‘फोरम’मध्ये. ऑइलर्स भरात, किंग्ज तळाकडचे. तीनपैकी दोन सत्रं संपली तेव्हा ऑइलर्स 5-0 नं पुढे. तिसऱ्या सत्रात किंग्जनी पाच गोल फेडले आणि जादा वेळेत सहावा मारून सामना घेतला. पुढे फेरीही त्यांनीच जिंकली. लॉस एंजलिसचे जुने प्रेक्षक ती रात्र अजून विसरलेले नाहीत. माझं लक्ष मात्र हरलेल्यांकडे जातं. ग्रेट्स्की, कुर्री, कॉफी आणि गोलात फ्यूर. ज्या शर्टानं त्या रात्री त्यांचं नाक कापलं, तोच शर्ट पुढे या चौघांनीही अंगावर चढवला.

मे 1988. ऑइलर्सनी बोस्टनला हरवून चौथा कप घेतला. त्या अंतिम लढतीत बोस्टनच्या जुन्या सभागृहातली वीज गेली, सामना अर्धवट सोडावा लागला आणि शेवट एडमंटनमध्ये झाला. कप हातात आल्यावर ग्रेट्स्कीनं सगळ्यांना हाका मारून बर्फाच्या मधोमध गोळा केलं: खेळाडू, प्रशिक्षक, सामानसुमान सांभाळणारे, सगळे. कसेही बसलेले, एकमेकांच्या अंगावर रेललेले, मध्ये कप. त्या दिवसापासून दरवर्षी जिंकणारा संघ असा फोटो काढतो. आता प्रथा पडलीय. एडमंटनमध्ये तो फोटो मी कितीतरी ठिकाणी पाहिला. एका केशकर्तनालयात तर आरशाशेजारीच लावलेला होता. केस कापून होईपर्यंत समोर तेच चेहरे.

जुलैमध्ये ग्रेट्स्कीचं लग्न झालं, एडमंटनमध्येच. रस्त्यावर लोकांची गर्दी, घरचं कार्य असावं तशी. आणि 9 ऑगस्ट 1988 ला बातमी आली की ग्रेट्स्की लॉस एंजलिसला गेला.

इथं व्यावसायिक हॉकीची एक रीत समजून घ्यायला हवी. खेळाडूचा करार संघाकडे असतो आणि संघ तो करार दुसऱ्या संघाला देऊ शकतो. बदल्यात दुसरे खेळाडू घ्यायचे, पुढच्या वर्षांच्या निवडीचे हक्क घ्यायचे, पैसे घ्यायचे. याला तिथं ‘ट्रेड’ म्हणतात. आपल्याकडे सरकारी नोकरीत बदलीचा कागद येतो आणि महिन्याभरात मुलांच्या शाळेचे दाखले काढून बिऱ्हाड हलवावं लागतं, तसंच. फरक इतकाच की इथं महिना मिळत नाही. सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी विमान. या सौद्यात एडमंटनला मिळाले जिमी कार्सन, मार्टिन जेलिना, 1989, 1991 आणि 1993 सालचे पहिल्या फेरीतल्या निवडीचे हक्क आणि दीड कोटी अमेरिकी डॉलर. लॉस एंजलिसला मिळाले ग्रेट्स्की, क्रुशेलनिस्की आणि मॅकसॉर्ली. ऑइलर्सचे मालक पीटर पॉकलिंग्टन यांना पैसा हवा होता, किंग्जचे मालक ब्रूस मॅकनॉल यांना ग्रेट्स्की. पत्रकार परिषदेत ग्रेट्स्कीला बोलता येईना, रडू आवरेना. एडमंटनमध्ये पॉकलिंग्टनचे पुतळे जाळले गेले. कॅनडाच्या संसदेतल्या एका सदस्यानं तर सरकारनंच यात पडावं अशी मागणी केली.

पण मला त्या यादीतलं एक नाव तुमच्यासमोर नीट ठेवायचंय: मॅकसॉर्ली. तो यादीत आपसूक आलेला नाही. ग्रेट्स्कीनं तो मागून घेतला. ऑइलर्सच्या व्यवस्थापनाला मॅकसॉर्ली द्यायचा नव्हता. जायचंच असेल तर मार्टी बरोबर हवा, असा ग्रेट्स्कीचा आग्रह. जगातला सगळ्यात मोठा खेळाडू घर सोडताना काय मागतो? जास्तीचे पैसे नाही, मोठा बंगला नाही. आपल्या पाठीशी उभा राहणारा, ज्याचं नाव गोलांच्या यादीत क्वचित येतं असा भिडू मागतो. मला त्या सगळ्या व्यवहारात हीच एक गोष्ट माणुसकीची वाटते.

आता जिमी कार्सनकडे येऊ या. त्याच्यासाठी मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण त्याला तो कुणी देत नाही.

मिशिगनचा हा मुलगा 1986 च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर किंग्जनी घेतला. 1987-88 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यानं एका मोसमात 55 गोल केले. विशी उलटण्याआधी 50 चा टप्पा गाठणारा त्याच्याआधी एकच होता: ग्रेट्स्की. लॉस एंजलिसमध्ये त्याचं सगळं बस्तान बसलं होतं. ऑगस्टमध्ये, विसावा वाढदिवस होऊन तीन आठवडे होतात न होतात तोच, त्याला सांगण्यात आलं की तू ग्रेट्स्कीच्या बदल्यात एडमंटनला जायचंस.

त्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. तुम्ही अशा गावात जाताय, जिथं घराघरात सुतक असावं तशी शांतता आहे. लोक तुमच्याशी वाईट वागत नाहीत, पण तुमच्याकडे पाहताना त्यांना तुम्ही दिसत नाही. जो गेला तो दिसतो. कार्सननं त्या मोसमात काय केलं? 49 गोल, 51 असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास, दोन्ही मिळून बरोबर 100 गुण. दुसऱ्या कुठल्याही गावात त्याला डोक्यावर घेऊन नाचले असते. एडमंटनला ते पुरलं नाही. पुरणारच नव्हतं, 150 गुण केले असते तरी नाही. पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच त्यानं मला इथून जाऊ द्या म्हणून सांगितलं आणि तो घरी बसला. नोव्हेंबर 1989 मध्ये त्याला डेट्रॉइटला, म्हणजे त्याच्या माहेरच्या राज्यात पाठवलं.

मी राहायचो तिथं शेजारी एक निवृत्त ट्रकचालक होते. उन्हाळ्यात कुंपणाशी उभं राहून बोलायचे. ऑइलर्सचा विषय निघाला की ग्रेट्स्कीबद्दल ते फारसं बोलत नसत, कार्सनबद्दल बोलायचे. त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं, आम्हीच त्याला नीट पाहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आवाजातली खंत खरी होती. इतक्या वर्षांनंतरही.

दुसरा मुलगा, जेलिना, त्याची गोष्ट उलटी. किंग्जनी त्याला दोनच महिन्यांपूर्वी निवडलं होतं. एकही सामना न खेळता तो एडमंटनला आला, त्यामुळे आपल्या दोन शर्टांच्या यादीत तो बसत नाही. पण बघा काय झालं. कार्सनच्या बदल्यात डेट्रॉइटहून जे आले त्यात अ‍ॅडम ग्रेव्ह्ज आणि जो मर्फी होते. ग्रेव्ह्ज, मर्फी आणि जेलिना या तरण्या पोरांची एक फळी झाली आणि 1990 मध्ये ऑइलर्सनी पाचवा कप जिंकला. ग्रेट्स्कीशिवाय. कर्णधार मार्क मेसिए. म्हणजे कार्सननं एडमंटनला कप मिळवून दिला असं म्हटलं तर चुकणार नाही; तो तिथून गेला, म्हणून. हे वाक्य बोलताना मला बरं वाटत नाही, पण हिशेब तसाच आहे.

तिकडे लॉस एंजलिसमध्ये किंग्जनी शर्टाचा रंगसुद्धा बदलला होता. जांभळा-सोनेरी गेला, काळा-चंदेरी आला. फोरमच्या खुर्च्या भरायला लागल्या. पुढच्या काही वर्षांत सॅन होजेला संघ निघाला, अ‍ॅनाहाइमला निघाला. उन्हाच्या मुलखात बर्फाचे आखाडे उभे राहिले. ती मोठी गोष्ट आहे, पण आजचा विषय तो नाही.

एप्रिल 1989 मध्ये पहिल्याच प्लेऑफला नशिबानं समोरासमोर आणलं: किंग्ज विरुद्ध ऑइलर्स. ऑइलर्स सामन्यांच्या हिशेबात 3-1 नं पुढे होते. किंग्जनी उरलेले तिन्ही सामने जिंकले. ग्रेट्स्कीनं आपल्याच घराला बाहेर काढलं. पण पुढची तीन वर्षं, 1990, 1991 आणि 1992, ऑइलर्सनी किंग्जना घरी पाठवलं. एसा टिक्कानेन नावाचा एक फिनलंडचा खेळाडू ग्रेट्स्कीच्या अंगाला चिकटून असायचा, सावलीसारखा. वर्षानुवर्षं एकाच संघात सराव केल्यामुळे ग्रेट्स्की कुठं वळणार हे त्याला माहीत होतं. खो-खोतली ती पावलांची ओळख आठवा. ती मित्राच्या हाती असते तेव्हा खो असते. तोच मित्र समोरच्या संघात असेल तर तुम्ही उठायच्या आधी तो तुमच्या वाटेत उभा असतो.

या सगळ्यात एक रात्र मात्र अशी आली, की दोन शर्टांमधलं अंतर काही मिनिटांपुरतं मिटलं. 15 ऑक्टोबर 1989, एडमंटन. जुने दिग्गज खेळाडू गॉर्डी हाऊ यांचा कारकिर्दीतल्या 1850 गुणांचा विक्रम ग्रेट्स्कीच्या आवाक्यात आलेला. हाऊ स्वतः हजर. ग्रेट्स्कीनं सुरुवातीलाच एका असिस्टनं बरोबरी साधली. मग सामना सरत आला, ऑइलर्स 4-3 नं पुढे, 53 सेकंद उरलेले. किंग्जचा बचावपटू स्टीव ड्यूशेननं बाहेर निसटणारा पक अडवून आत ढकलला, तो डेव्ह टेलरला लागून जाळ्यापाशी सटकला आणि तिथं ग्रेट्स्की उभा. उलट्या हातानं, म्हणजे स्टिकच्या पाठीकडून, त्यानं तो ऑइलर्सचा गोलरक्षक बिल रॅनफर्डच्या वरून जाळ्यात टाकला. ज्या घराचा तो पाहुणा होता, त्या घराचा विजय त्यानं शेवटच्या मिनिटाला हिसकावला होता, आणि सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. खेळ थांबवला गेला. जुना सोबती मेसिए ऑइलर्सच्या वतीनं पुढे आला. मग खेळ सुरू झाला आणि जादा वेळेतला विजयी गोलही ग्रेट्स्कीनंच केला.

ड्यूशेनचं नाव लक्षात ठेवा. त्या विक्रमी गोलाची सुरुवात त्याच्या स्टिकवरून झाली होती. दीड वर्षानं, मे 1991 मध्ये, किंग्जनी त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. कशासाठी? यारी कुर्रीसाठी. करारावरून ऑइलर्सशी फिस्कटलं म्हणून कुर्री 1990-91 चा अख्खा मोसम इटलीत, मिलानमध्ये खेळत होता. त्याचे हक्क ऑइलर्सनी फिलाडेल्फियाला दिले आणि तिथून ते लगोलग किंग्जकडे आले. त्याच वर्षी चार्ली हडी आला. फेब्रुवारी 1992 मध्ये, पिट्सबर्गचा फेरा करून, पॉल कॉफी आला. ग्रेट्स्की आणि मॅकसॉर्ली होतेच. जुना वाडा पाडून त्याचेच वासे, तुळया, दारं दुसऱ्या गावी नेऊन घर बांधावं, तसा हा प्रकार.

मग ते घर पूर्वीसारखं झालं का? कुर्रीनं लॉस एंजलिसमधल्या पहिल्या मोसमात 23 गोल केले. कुठं 71 आणि कुठं 23. ओळख तीच होती, पण ती ज्या पायांवर उभी होती ते पाय तीस ओलांडून गेले होते. तरी कुर्रीचं मोल मला त्यानंतरच्या मोसमात जास्त दिसतं. 1992-93 च्या सुरुवातीला ग्रेट्स्कीच्या पाठीचा मणका दुखावला. कारकीर्द संपली अशी चर्चा होती. जवळपास अर्धा मोसम तो बाहेर होता. तेव्हा आयुष्यभर उजव्या बगलेला खेळलेला कुर्री मधल्या जागेवर, म्हणजे ग्रेट्स्कीच्याच जागेवर येऊन खेळला. नऊ मोसम ज्याचा पास घेतला, त्याच्या जागी उभं राहून पास द्यायला लागला. त्या मोसमात त्याचे 27 गोल आणि 60 असिस्ट आहेत. हे 60 असिस्ट मला त्या 71 गोलांपेक्षा कमी वाटत नाहीत.

जानेवारी 1993 मध्ये ग्रेट्स्की परतला. त्याच महिन्याच्या अखेरीस किंग्जनी कॉफीला डेट्रॉइटला पाठवलं आणि बदल्यात जे आले त्यांत एक होता जिमी कार्सन. लॉस एंजलिसहून एडमंटन, तिथून डेट्रॉइट, तिथून पुन्हा लॉस एंजलिस. साडेचार वर्षांपूर्वी ज्या दोघांचा एकमेकांच्या बदल्यात सौदा झाला होता, ते आता एका ड्रेसिंग रूममध्ये, एकाच रंगाचे शर्ट घालून बसले होते. त्या खोलीत पहिल्या दिवशी दोघं काय बोलले असतील याचा मी पुष्कळदा विचार केलाय. कदाचित काहीच नाही. खेळाडू स्केटच्या नाड्या आवळतात आणि बाहेर पडतात.

त्या वसंतात किंग्ज कॅलगरीला, व्हँकूव्हरला आणि टोरंटोला हरवून पहिल्यांदा स्टॅन्ली कपच्या अंतिम लढतीत पोचले. समोर माँट्रियाल. किंग्जमध्ये ग्रेट्स्की, कुर्री, हडी, मॅकसॉर्ली, कार्सन आणि पॅट कॉनॅकर. हा कॉनॅकर 1984 मध्ये एडमंटनच्या पहिल्या कपात होता. पहिला सामना किंग्जनी 4-1 नं घेतला. दुसरा 3 जूनला. तिसऱ्या सत्रात कॉनॅकरनं गोल करून किंग्जना 2-1 अशी आघाडी दिली. पावणेदोन मिनिटं उरली होती. ती संपली असती तर किंग्ज माँट्रियालच्या घरात सामन्यांच्या हिशेबात 2-0 नं पुढे गेले असते.

आणि माँट्रियालचे प्रशिक्षक जॅक डेमर्स यांनी पंचांना सांगितलं, मॅकसॉर्लीची स्टिक मोजा.

ही स्टिक मी आज मुद्दाम बरोबर आणलीय. तिचं खालचं पातं बघा, किंचित बाकदार आहे. या बाकामुळे पक पात्यावर बसतो, उचलला जातो, फटक्याला धार येते. पण बाकाला मर्यादा आहे. आता हे पातं मी टेबलावर धरतो आणि टाचेपासून टोकापर्यंत ही सरळ पट्टी लावतो. पट्टी आणि पातं यांच्यामधली फट दिसतेय? तेव्हाच्या नियमानुसार ती अर्ध्या इंचापेक्षा जास्त असता कामा नये. अर्धा इंच म्हणजे माझी ही करंगळी. पुढच्या रांगेतल्यांनी घालून बघा. या पात्यात माझी करंगळी अडते, म्हणजे हे नियमात आहे. मॅकसॉर्लीचं नव्हतं. त्याचा बाक उघडच जास्त होता. मोजणी चुकली असती तर शिक्षा माँट्रियालला झाली असती. डेमर्सनी ती जोखीम पत्करली. मॅकसॉर्ली दोन मिनिटं बाहेर बसला. माँट्रियालनं गोलरक्षकालाही काढून आणखी एक हल्लेखोर आत घातला. सहा विरुद्ध चार. अर्ध्या मिनिटात एरिक देजार्दांनं बरोबरी केली, जादा वेळेच्या 51 व्या सेकंदाला त्यानंच विजयी गोल केला. पुढचे दोन सामनेही किंग्ज जादा वेळेत हरले आणि पाचव्या सामन्यात, 9 जूनला, कप माँट्रियालला गेला. त्या शेवटच्या सामन्यात किंग्जचा एकुलता एक गोल कुणी केला? मॅकसॉर्लीनं.

तीस वर्षं उलटली, तरी हा पराभव त्या एका पात्याच्या नावावर लिहिला जातो. मला ते अन्यायाचं वाटतं. तशा स्टिका त्या काळी कित्येक जण वापरायचे. शिवाय देजार्दांला रोखायला गोलरक्षक धरून पाच जण बर्फावर होते, पुढचे तीन सामने होते. मॅकसॉर्लीनं मात्र कधी कुणाकडे बोट दाखवलं नाही. स्टिक माझी होती, एवढंच त्याचं म्हणणं राहिलं.

त्याच उन्हाळ्यात मॅकसॉर्लीला पिट्सबर्गला पाठवलं गेलं. फेब्रुवारी 1994 मध्ये किंग्जनी त्याला परत आणलं. लॉस एंजलिसची गाडी तोवर घसरली होती. अंतिम लढतीनंतरच्याच मोसमात प्लेऑफसुद्धा हुकला. 1995 मध्ये ग्रँट फ्यूर आला आणि त्याच व्यवहारात चार्ली हडी गेला. फ्यूर किंग्जकडून 14 सामने खेळला आणि निघून गेला. कुणाच्या फारसं लक्षातही नाही. फेब्रुवारी 1996 च्या अखेरीला ग्रेट्स्की सेंट लुइसला गेला, आणि सोळा दिवसांनी कुर्री आणि मॅकसॉर्ली न्यूयॉर्कला. एडमंटनहून आलेलं बिऱ्हाड तिथं मोडलं. कार्सन त्याआधीच व्हँकूव्हरला गेला होता. तो 27 वर्षांचा असताना लीगमधला त्याचा शेवटचा मोसम झाला.

मी एडमंटनला असताना जुन्या मैदानाबाहेर ग्रेट्स्कीचा ब्राँझचा पुतळा होता, हातात कप उंचावलेला. आता तो नव्या मैदानापाशी हलवलाय. लॉस एंजलिसलाही त्याचा पुतळा आहे. एका माणसाचे दोन गावांत दोन पुतळे. बाकीच्यांचे असे दोन-दोन कुठं दिसत नाहीत, म्हणून तुम्हाला एक चित्रफीत दाखवायची ठेवलीय.

दिवे मालवता का जरा? हं. 23 मार्च 1994, फोरम, समोर व्हँकूव्हर. ग्रेट्स्कीचे 801 गोल झालेत, हाऊ यांच्या बरोबरीनं. हा 802 वा. सगळे जण ग्रेट्स्कीकडे बघतात. तुम्ही आज पक कुणाकडे आहे ते बघा. शर्टावरचा आकडा 33, तो मॅकसॉर्ली. गोलरक्षक त्याच्या बाजूला सरकतोय, कारण मॅकसॉर्ली आता स्वतः मारणार असंच कुणालाही वाटेल. तो मान फिरवत नाही. पलीकडे ग्रेट्स्की कुठं असणार ते त्याला ठाऊक आहे. हा पास गेला. आणि आता समोरचं जाळं बघा, सगळं रिकामं आहे.